आईस हॉकी, बाबा आणि माकडटोपी

कॅनडात येऊन आठ वर्षं झाली, त्यातली पहिली पाच मी हॉकी कळत असल्याचं नुसतं नाटक केलंय. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी सगळे लीफ्सच्या नावाने गळे काढत असायचे, मी पण तोंड पाडून "हो ना, कठीण आहे" म्हणायचे आणि कप उचलून सटकायचे. लीफ्स म्हणजे टोरंटो मेपल लीफ्स, आमच्या इथली टीम, आणि त्यांच्याबद्दल कुठल्याही सोमवारी "कठीण आहे" म्हटलं तरी चालतं हे मला फार लवकर कळलं होतं. अगदी सुरुवातीला एकाने विचारलं होतं की हॉकी आवडते का, तर मी फुशारकीने सांगितलं अरे आमचा तर राष्ट्रीय खेळ आहे, ध्यानचंद वगैरे, तो म्हणाला अच्छा, म्हणजे फील्ड हॉकी. तेव्हा कळलं की इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच, आपल्या हॉकीला आडनाव लावावं लागतं. (आपल्याकडे राष्ट्रीय खेळ असा अधिकृतपणे कुठलाच नाही हे तर मला त्याहून उशिरा कळलं. इथे मात्र १९९४ चा रीतसर कायदा आहे, हिवाळ्यात हॉकी आणि उन्हाळ्यात लक्रॉस.)

मग लेक सात वर्षांची झाली आणि वर्गातल्या मैत्रिणी खेळतात म्हणून हिला पण खेळायचं. झालं. नाटक संपलं, अभ्यास सुरू.

पहिला घोळ स्केट्सचा. मी काय केलं, आपल्या पद्धतीने वाढत्या अंगाचे घेतले, दोन साईझ मोठे, म्हटलं दोन वर्षं तरी बघायला नको. ते नेमकं उलटं असतं. हॉकीचे स्केट्स रोजच्या बुटापेक्षा एक-दीड साईझ लहानच लागतात, पाय आत गच्च बसला पाहिजे, नाहीतर घोटा आतल्या आत मुरगळतो आणि पोरगी बदकासारखी चालते. वर ते नवीन स्केट्स धार न लावलेले होते, आणि नव्या स्केट्सना आधी धार लावून घ्यायची असते हे दुकानात कोणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही, बर्फावर पाऊल टाकलं की धप्प. तीन आठवडे मी समजत होते की लेकीला बॅलन्सच नाही. शेवटी दुसऱ्या एका आईने पातं बघितलं, नखावर घासलं आणि हसायलाच लागली. ते पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं बरं का, मधून किंचित खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे दोन्ही कडांना दोन धारा येतात आणि वळताना, थांबताना त्यातली एक बर्फात रुतते. धार गेली की ब्रेक गेला असं समजा.

दुसरा घोळ स्टिकचा. लेक उजव्या हाताने लिहिते म्हणून मी उजवी स्टिक घेतली. इथे पद्धत अशी की जो हात पक्का तो स्टिकच्या वरच्या टोकाला, कारण स्टिक फिरवण्याचं सगळं काम तो हात करतो, खालचा नुसता जोर देतो. म्हणून इथली उजव्या हाताची कितीतरी मुलं डावी स्टिक वापरतात. आपल्या हॉकीत डाव्या हाताची स्टिक हा प्रकारच नाही, सगळ्यांना एकच बाजू, त्यामुळे हे डोक्यातच येत नाही. उंची म्हणाल तर स्केट्स घालून उभं राहिलं की स्टिकचं टोक हनुवटीशी यावं, बूट काढून नाकाशी.

बाकी सामान म्हणजे एक पूर्ण रुखवत आहे. नडगीचे पॅड, त्यावर मोजे, जाडजूड हॉकी पँट, मग स्केट्स, छाती-खांद्याचे पॅड, कोपराचे पॅड, गळ्याला नेक गार्ड, जर्सी, जाळीचं हेल्मेट, आणि सगळ्यात शेवटी ग्लोव्हज कारण ते आधी घातले तर बाकी काहीच घालता येत नाही. क्रम चुकला की संपलं, स्केट्सच्या नाड्या करकचून बांधून झाल्या आणि मग लक्षात आलं की पँट बॅगेतच राहिली, हे माझ्याकडून तीनदा झालंय. सगळं नवंकोरं घेऊ नका, मुलं वर्षात वाढतात, वापरलेल्या सामानाची दुकानं गावोगाव असतात. हेल्मेट मात्र नवं घ्या. आणि ती बॅग घरात आणू नका, गॅरेजमध्येच ठेवा, का ते वास आला की कळेल.

तर हे सामान वगैरे मी शिकले, पण खेळ? खेळ तरी कळत नव्हता. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाची पंचाईत अशी की डोळे चेंडू शोधतात. बॉल कुठे, बॅट कुठे, फील्डर कुठे, मग रिप्ले, मग चहा. इथे ती काळी रबराची चकती, पक, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची, इकडून तिकडे अशी जाते की दिसेपर्यंत गोल होऊन लोक नाचत असतात. मी यूट्यूबवर नियम बघितले, ऑफसाईड पाठ केलं, मॅचला गेले की परत कोरी पाटी.

मला हॉकी खरी कळली ती बाबांमुळे. बाबा गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा आले, तीन महिने. इचलकरंजीचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले आणि नंतर बरीच वर्षं पंच म्हणून उभे राहिलेले, मॅटवरची नाही, मातीतली. स्केटिंग जन्मात बघितलेलं नाही, बर्फ बघितला तो फ्रिजमधला.

पहिल्या शनिवारी सकाळी पावणेसातला रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर गेलो. बाहेर उणे अठरा, आतही काही फार ऊब नाही, बाबा स्वेटर त्यावर जॅकेट त्यावर शाल आणि डोक्याला माकडटोपी. इथल्या रिंकवर माकडटोपी बघून कोणी वळूनही बघत नाही, सगळेच तसे दिसतात. हातात टिम हॉर्टन्सची कॉफी. ही टिम हॉर्टन्स पण हॉकीतूनच आली बरं का, टिम हॉर्टन हा लीफ्सचा डिफेन्समन, त्याने १९६४ मध्ये हॅमिल्टनला पहिलं दुकान टाकलं, आज दर चौकात एक आहे आणि निम्म्या लोकांना वाटतं की ते नुसतं दुकानाचं नाव आहे.

बर्फावर झँबोनी फिरत होती. म्हणजे ते मोठं गाडीसारखं यंत्र जे पुढे जाताना वरचा खरवडलेला थर तासून घेतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात देत जातं. गरम का, तर गरम पाणी खालच्या थराला किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं आणि त्यात हवेचे बुडबुडे कमी राहतात, थर नितळ गोठतो. हे मी सगळं सांगायच्या तयारीत होते, तोवर बाबा म्हणाले, "सारवतंय की गं हे." बस. यापेक्षा चांगलं झँबोनीचं वर्णन मी ऐकलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झँबोनी नावाच्या माणसाने १९४९ मध्ये हे यंत्र बनवलं, त्याआधी बरीच माणसं फावडी-पाणी घेऊन हेच करायची आणि तासाहून जास्त वेळ जायचा.

मॅच सुरू झाली. पहिली पाच मिनिटं बाबा पण माझ्यासारखेच, "चेंडू कुठंय? दिसंना." मग गप्प झाले. मग म्हणाले, "चेंडू बघायचाच नाही. पाय बघ. कोण कुठल्या रेघेवर आहे ते बघ, ही कबड्डी आहे."

आणि खरंच, आहे की.

रिंकची लांबी एनएचएलमध्ये, म्हणजे लीफ्स ज्या मोठ्या लीगमध्ये खेळतात तिथे, २०० फूट आणि रुंदी ८५ फूट, कोपरे गोल. मधोमध लाल रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी रेघ, त्यामुळे मैदानाचे तीन भाग पडतात, आपला, मधला आणि समोरच्याचा. दोन्ही टोकांना गोलपोस्टच्या खालून जाणारी बारीक लाल गोललाईन, आणि गोलच्या मागेही जागा असते, तिथून पण खेळ चालतो, हे आपल्या हॉकीत नाही. बाबांनी निळ्या रेघेचं बारसं तिथेच करून टाकलं, निदान रेषा. ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांना सांगायला नको, चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, सगळा डाव त्या रेघेभोवती. इथेही सगळा डाव निळ्या रेघेभोवतीच, फक्त अट वेगळी. समोरच्याच्या निळ्या रेघेच्या आत पक आधी गेला पाहिजे, तुम्ही मागून. तुमचे दोन्ही स्केट्स पकच्या आधी पूर्ण रेघेपलीकडे गेले की ऑफसाईड, शिट्टी, खेळ बाहेर आणून परत सुरू. एक पाय रेघेवर असला तरी चालतं. मी लेकीला हे नवरदेवाचं उदाहरण देऊन सांगते, नवरदेव आधी मांडवात शिरणार, मग वऱ्हाडी, तुम्ही आधीच पंगतीत जाऊन बसलात तर ऑफसाईड. तिने लग्नं दोनच बघितलीयत पण हे बरोबर कळलं.

यातली गंमत अशी की पक आत गेला आणि तुमची एखादी खेळाडू चुकून आधीच आत असेल, पण तुमच्यातल्या कोणी पकला हात लावला नाही, तर लाईन्समन हात वर करून थांबतो, सगळ्या बाहेर येऊन रेघेला शिवल्या की परत आत जायची मुभा. म्हणून मधूनच अख्खी टीम काही कारण नसताना घाईघाईने मागे आलेली दिसते. मला ते कायम घाबरून पळाल्यासारखं वाटायचं.

दुसरी शिट्टी आयसिंगची. मधल्या लाल रेघेच्या अलीकडून, म्हणजे आपल्या अर्ध्यातून, पक जोरात मारला आणि तो कोणालाही न लागता थेट पलीकडच्या गोललाईनच्या पार गेला की आयसिंग. म्हणजे काय, तर दबावाखाली आलं की उचलून मारा आणि श्वास घ्या, हे चालणार नाही. बाबा म्हणाले वेळकाढूपणा, बरोबर. शिक्षा काय, तर पक परत तुमच्याच गोलपाशी आणून फेसऑफ, आणि एनएचएलमध्ये वरून ज्यांनी आयसिंग केलं त्या टीमला खेळाडू बदलायला बंदी, दमलेल्यांनीच परत उभं राहायचं. ही शिक्षा किती जबर आहे हे कळायला आधी बदलाबदली कळली पाहिजे.

फेसऑफ म्हणजे पंच दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतो आणि दोघं स्टिकने ओढाओढ करतात. बर्फावर त्याचे नऊ ठिपके असतात.

आता बदलाबदली. बर्फावर एका बाजूचे सहा जण, एक गोली म्हणजे गोलकीपर, दोन डिफेन्स, तीन फॉरवर्ड, त्यातला मधला सेंटर आणि दोन बाजूंचे विंगर. पण एनएचएलच्या मॅचला वीस जण तयार होऊन बसतात, अठरा खेळाडू आणि दोन गोली, आणि गोली सोडून बाकीचे सतत आत-बाहेर, साधारण पाऊण मिनिट खेळले की भिंतीवरून उडी मारून बेंचवर, दुसरे उडी मारून आत, आणि हे खेळ चालू असताना. कोणी थांबत नाही, पंच परवानगी देत नाही, क्रिकेटसारखं बारावा गडी पाणी घेऊन येत नाही. पाऊण मिनिटच का, तर ते पळणं म्हणजे शंभर मीटरच्या शर्यतीसारखं जीव तोडून असतं, मिनिटभरानंतर पाय जड होतात आणि पाय जड झाले की चूक होते. म्हणून पुढच्या वेळी मॅच बघाल तेव्हा गोल सोडा, बेंच बघा. ज्या टीमचे पाच जण दीड मिनिट आत अडकलेत आणि बाहेर यायला जागाच मिळत नाहीये, गोल बहुतेक त्यांच्यावर होणार. बाबा दुसऱ्या शनिवारपासून घड्याळ लावून बसायचे आणि "हे पोरं दमली, आता बस, आता बसतोय बघ" म्हणायचे आणि गोल बसायचाच. शेजारचे आई-बाप बघायला लागले की हे माकडटोपीवाले आजोबा कोण.

आत चुकून सहाच्या जागी सात झाले तर ती पण पेनल्टी. आणि पेनल्टी हा या खेळाचा सगळ्यात मजेचा भाग.

स्टिक पायात घालून पाडणं, स्टिकने अडकवून ओढणं, हातावर स्टिक मारणं, स्टिक खांद्यावर नेऊन कोणाच्या तोंडाला लागणं, पक नसलेल्या माणसाला अडवणं, या सगळ्याला दोन मिनिटं. खेळाडू बाहेर एका काचेच्या खोक्यात जाऊन बसतो, आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही, टीम एकाने कमी. समोरच्यांची ती पॉवर प्ले, आपली पेनल्टी किल. (क्रिकेटवाल्यांनी पॉवर प्ले शब्द घेतला पण अर्थ भलताच.) स्टिक तोंडाला लागून रक्त आलं तर चार मिनिटं. फार वाईट मारलं तर पाच. आता नीट ऐका, दोन मिनिटांची शिक्षा चालू असताना समोरच्यांनी गोल मारला तर शिक्षा तिथेच संपते, खोक्यातला परत येतो, पाच मिनिटांची मात्र कितीही गोल झाले तरी पूर्ण भोगावी लागते. यावर बाबा बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "आमच्यात आपण त्यांचा गडी मारला की आपला गडी जिवंत होतो. इथं त्यांनी आपल्यावर गोल मारला की आपला गडी जिवंत. उलटंच की सगळं." आणि मग स्वतःच, "पण आमच्यात पण पिवळं कार्ड दिलं की दोन मिनिटंच बाहेर."

टीम एकाने कमी असताना आयसिंग माफ असतं, खुशाल उचलून मारा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी दोन वर्षं पंच झोपलाय असं समजत होते.

आणि एक, ज्याने आम्हा सगळ्यांनाच एकदा घाबरवलंय. पंचाने हात वर केलाय पण शिट्टी वाजवत नाही, आणि आपली गोली गोल सोडून धावत बेंचकडे निघाली. बाबा उठून उभे, "अगं ती चालली कुठं!" तर झालेलं असं की फाऊल समोरच्यांनी केलाय, त्यांच्यातल्या कोणी पक ताब्यात घेतला की मगच शिट्टी वाजणार, म्हणजे तोवर ते गोल मारूच शकत नाहीत, मग गोलीचा उपयोग काय, तिला काढा आणि एक जादा फॉरवर्ड आत पाठवा. मॅचच्या शेवटी एका गोलने मागे असलेली टीम पण असंच करते, पण तिथे जोखीम खरी असते, रिकाम्या गोलमध्ये लांबूनही पक जातो.

मारामारीबद्दल सगळे विचारतात. हो, होते. ग्लोव्हज खाली फेकले की समजायचं. एनएचएलमध्ये त्याला पाच मिनिटं शिक्षा, दोघांना मिळते म्हणून टीम पाचला पाचच राहतात, आणि लाईन्समन एक जण खाली पडेपर्यंत बाजूला उभे असतात. टीव्हीवर पहिली मारामारी बघून बाबांनी पंच या नात्याने तीव्र निषेध नोंदवला आणि मग तीनदा रिप्ले बघितला. मुलांच्या हॉकीत हे अजिबात नाही. खांद्याने धडक देणं, बॉडी चेक, ते नियमात आहे पण फक्त ज्याच्याकडे पक आहे त्याला, आणि लहान मुलांना तेही नाही, २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने अकरा-बारा वर्षांच्या गटातूनही बॉडी चेक काढून टाकला. माझी लेक दहा वर्षांची, यू-११ मध्ये, म्हणजे अकराच्या आतल्या गटात, त्यामुळे माझी झोप अजून शाबूत आहे.

गोलीबद्दल थोडं. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. आपल्या हॉकीचा गोल साधारण बारा बाय सात, म्हणजे हा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही लहान. तो लहानसा गोल आणि समोर अंगभर गादी बांधलेला माणूस, तरी गोल होतात यावरून शॉटचा वेग काढा. झ्डेनो खारा नावाच्या खेळाडूने २०१२ मध्ये ऑल स्टारच्या स्पर्धेत ताशी १७५ किलोमीटरचा मारला होता, आपल्याकडे बोलरने दीडशे टाकला तरी बातमी होते. पक मॅचच्या आधी गोठवून ठेवतात, म्हणजे रबर उसळत नाही, घसरत जातं. आणि हे सगळं गोली लोक कित्येक वर्षं उघड्या तोंडाने अडवत होते! १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये माँट्रियालच्या जाक प्लांत या गोलीच्या तोंडावर पक बसला, टाके घालून आला तो म्हणाला मास्क घातल्याशिवाय आत जाणार नाही, कोचला आवडलं नाही पण दुसरा गोली नव्हता. तिथून मास्क आला.

दुसरा गोली नसण्यावरून आठवलं, आता लीफ्सचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २२ फेब्रुवारी २०२०, टोरंटोतच मॅच, समोर कॅरोलायना. त्यांचा एक गोली जखमी झाला, मग दुसरा पण. अशा वेळेसाठी तेव्हा रिंकवर एक इमर्जन्सी गोली ठेवलेला असायचा, कुठल्याही टीमचा नाही, जो अडेल त्याच्यासाठी. त्या दिवशी तो होता डेव्हिड एअर्स, वय ४२, आईची किडनी बसवलेला, पूर्वी झँबोनी चालवणारा, आणि लीफ्सच्याच सरावात गोलमध्ये उभा राहणारा. पहिले दोन शॉट आत गेले. पुढचे आठच्या आठ अडवले. कॅरोलायना ६-३ ने जिंकली. म्हणजे लीफ्स घरच्या मैदानावर, घरच्याच झँबोनीवाल्याकडून हरले. ऑफिसात त्या सोमवारी मला "कठीण आहे" म्हणायची पण हिंमत झाली नाही.

वेळेचं पटकन सांगते. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, मुलांचे कमी. शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं म्हणून साठ मिनिटांची मॅच अडीच तास चालते. बरोबरी झाली तर लीग मॅचमध्ये तीन विरुद्ध तीन असा पाच मिनिटांचा जादा डाव, पहिला गोल मारेल तो जिंकला, तरीही नाही तर शूटआऊट. जिंकलं की दोन पॉइंट, आणि जादा वेळेत हरलं तरी एक मिळतो, हा एक पॉइंट टेबलात फार घोळ घालतो. प्लेऑफमध्ये शूटआऊट नाही, वीस-वीस मिनिटांचे पूर्ण पिरियड, गोल होईपर्यंत. १९३६ मध्ये डेट्रॉईट आणि माँट्रियाल मरून्स सहाव्या जादा पिरियडपर्यंत खेळले, शेवटी १-०.

आणि बक्षीस म्हणजे स्टॅनली कप. लॉर्ड स्टॅनली नावाच्या कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने १८९२ मध्ये दिलेला, आपल्याकडे रणजी सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा. जिंकणाऱ्यांची नावं त्यावर कोरतात आणि प्रत्येक खेळाडूला तो उन्हाळ्यात एकेक दिवस घरी न्यायला मिळतो. लीफ्सनी तो शेवटचा जिंकला १९६७ ला. त्या टीमचं जुनं स्टेडियम, मेपल लीफ गार्डन्स, त्यात आता खाली सुपरमार्केट आहे, जिथे मधला फेसऑफचा ठिपका होता तिथे फरशीवर लाल खूण केलीय, बाबांना तिथे नेलं तर ते खुणेवर उभं राहून म्हणाले, "साखर कुठल्या बाजूला?"

एका खेळाडूने तीन गोल मारले की हॅटट्रिक, लोक डोक्यावरच्या टोप्या काढून बर्फावर फेकतात, ढीग पडतो, गोळा करायला माणसं येतात. शब्द मूळचा क्रिकेटचा, हे सांगितल्यावर बाबांना बरं वाटलं. पण टोपी फेकण्याला विरोध. माकडटोपी आईने विणलेली.

शनिवारी रात्री ते टीव्हीवर पंजाबीतली हॉकी लावायचे. हॉकी नाईट इन कॅनडा या टीव्ही कार्यक्रमाची पंजाबी कमेंटरी २००८ पासून आहे, आणि २०१६ च्या फायनलमध्ये कॉमेंटेटर हरनारायण सिंगने निक बोनिनोच्या गोलवर "बोनिनो बोनिनो बोनिनो" असा जो सूर लावला तो इंग्लिशवाल्यांनी पण डोक्यावर घेतला. बाबांना पंजाबी येत नाही, पण टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनचे पंजाबी लोक उन्हाळ्यात कबड्डी भरवतात हे कळल्यापासून त्यांना ते सगळे घरचेच वाटायला लागले होते. मला मात्र जरा जळायला होतं. मराठीत कोणी का नाही करत? "पोरं दमली, आता बसतोय बघ" ही कमेंटरी वाईट आहे का?

आपल्याकडे ही बर्फावरची हॉकी आहे का हे पण त्यांनी विचारलं, आहे, लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर, आणि भारताच्या बायकांच्या टीममध्ये जवळजवळ सगळ्या लडाखी मुली, २०२५ च्या आशिया कपमध्ये त्यांनी ब्राँझ आणलं. बाबा म्हणाले पेपरात नाही वाचलं.

मार्चमध्ये बाबा परत गेले. आता इथे शनिवारी संध्याकाळी सात वाजता लीफ्सची मॅच सुरू होते तेव्हा तिकडे रविवारची पहाट असते, साडेपाच. हिवाळाभर त्यांचा फोन बरोबर तेव्हा येतो. लीफ्सबद्दल एका वाक्यात विचारून होतं, मग नातीला बोलावतात आणि निदान रेषेवर थांबली होतीस का विचारतात, ती दर वेळी म्हणते आजोबा, ब्लू लाईन, आणि दर वेळी ते म्हणतात तेच ते.

जाताना टीमने सगळ्यांच्या सह्या करून त्यांना एक पक दिला होता. मला वाटलं शोकेसमध्ये ठेवला असेल. परवा आईला विचारलं तर म्हणाली, "छान आहे गं, कॉट एका बाजूने हलायची, पायाखाली बरोबर बसलाय."